मसक

सोहारला ऋतू दोनच, अनुग्रह म्हणायचा,
एसी चालू आणि एसी बंद.
मी बाळंत झाले तो तिसरा.

ऑगस्ट. मागच्या बागेत खजूर पिकून फुटत होता.
इथे काच बाहेरून घामेजते,
आत आपण कोरडे.
आणि मला दूध नव्हतं.

आईचा व्हिसा अडकला, म्हणून आई राहुरीत अडकली.
फोनवर तिचं एकच: हाळीव घे, शेपा चाव,
आणि रोज एक स्तोत्र वाच.
शास्त्र उशाशीच असतं माझ्या,
त्यात खुणेला थर्मामीटर.
रात्री ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’
एवढं म्हणते आणि झोप लागते.
एकवीस दिवस झाले,
पुढच्या शब्दाला पोचलेच नाही.
तो तसाच उभा असेल दारात,
हाक मारून पोरगी गप्प का झाली म्हणून.

शुक्रवारी साडेतीनला मल्याळी मंडळी उठते,
पाचला फिलिपिनो बसतात.
मधल्या दीड तासात आम्ही:
अकरा घरं, एक पेटी,
आणि आधीच्यांची ऊब अजून धरून असलेले बाक.
शिरसाठ पाळक, एरवी सिमेंटच्या कारखान्यात फोरमन,
म्हणाले, हन्नाची गोष्ट वाच, सुवार्ता.
वाचली.
हन्नाला मंदिर होतं, नवस होता,
दोन घास जास्त वाढणारा नवरा होता.
माझा नवरा बंदरातल्या क्रेनवर, रात्रपाळीला.

मला हागार आठवायची.
परमुलखातली, घराबाहेर काढलेली.
मसकेतलं पाणी संपलं तेव्हा
लेकराला झुडपाखाली ठेवून
बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली.
मरताना बघवेना म्हणून.
रविवारच्या शाळेत मी विचारायचे,
बाई, पण इतकी लांब का?
बाई म्हणायच्या, पुढे वाच.

एका रात्री लोईसला पाळण्यात रडती ठेवली,
न्हाणीघरात गेले, नळ सोडला, खाली बसले.
नंतर मोजलं.
नऊ पावलं.

दार वाजवलं ते उम्म राशिदने,
खालच्या मजल्यावरची, घरमालकीण.
विचारलं काहीच नाही.
पोरीला खांद्यावर टाकलं, नळ बंद केला,
बरोबर आणलेली वाटी माझ्यापुढे ठेवली. ‘हुल्बा.’
वास घेतला.
मेथी.
आईचीच मेथी, अरबी नाव घेऊन आलेली.
मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली,
हाजर भी बहुत भागा, सात बार भागा, पानी के लिये.
मी म्हटलं, आमची तर बसून राहिली होती.
तिनं माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.
कोई भागता, कोई बैठता, म्हणाली. खाओ.

दूध त्या रात्री नाही आलं.
चौथ्या दिवशी आलं,
प्रार्थना करताना नाही, कांदा चिरताना.
झगा भिजला तरी मला वाटलं,
डोळ्यांतलंच आहे.

मग सुहैल दिसला.
उम्म राशिदने गच्चीवरून बोट दाखवलं,
आता हवा उतरणार.
अनुग्रह पाळीवरून आला, म्हणाला,
हा तर अगस्ती, आजोबा दाखवायचे.
दोघं एकाच ताऱ्याला दोन नावांनी हाका मारत उभे.
मी मात्र खाली उतरले, पाळण्यापाशी.

नोव्हेंबरात एसी बंद केला.
त्या शांततेत पहिल्यांदाच ऐकू आले
तिचे घुटके.
हे आमच्या स्वर्गातील पित्या,
घुटका,
घुटका,
आणि मला डुलकी.
अजूनही तिथंच अडते मी.
त्याला काही ऐकायचंच असेल,
तर हे आहे.

जानेवारीत रजा संपली.
पहाटे पंपाने काढलेलं दूध बाटलीत भरून
तारीख लिहून खाली नेऊन देते.
उम्म राशिद चष्मा कपाळावर सरकवते,
बाटली दिव्यासमोर धरते,
कुठवर भरलीय ते बघते.
मग लोईसला उचलून घेते,
मला म्हणते, बस निघून जाईल.